बाराव्या खोलीतला खड्डा

दिवसभर लॅबमध्ये उभं राहून पाय बोलायला लागलेले असतात. घरी आल्यावर माणसाने चहा घ्यावा, पंख्याखाली आडवं व्हावं. मी काय करायचे, तर लॅपटॉप उघडून एका बुटक्या माणसाला उड्या मारायला लावायचे. पन्नाशीची बाई! लॅबमध्ये कुणाला कळलं असतं तर माझी काय शोभा झाली असती, कोण जाणे. पण आठ महिने, संध्याकाळी सहा ते आठ, आणि रविवारी सकाळी, मी हेच केलं. हौस म्हणून नाही. दादासाठी.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. ठाण्याला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. त्याचे साहेब म्हणायचे, याला रेघ मारायला पट्टी कशाला हवी. मग त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग मनगट, मग नोकरी गेली. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं. त्याने लग्न केलेलं नाही, मी केलं आणि सोडलं. म्हणजे एकमेकांशिवाय दुसरं कोण? तीन वर्षांपूर्वी मी त्याची कळव्याची खोली रिकामी केली आणि त्याला डोंबिवलीला माझ्याकडे आणलं. तेव्हापासून दिवसातून पाच वेळा गोळ्या, सकाळी शर्टाची बटणं, जेवताना वाटी धरणं, आणि तो काय बोलला ते ऐकायला तोंडापाशी कान नेणं. त्याचा आवाज बसत चाललाय. डॉक्टर म्हणाले, असंच होतं यात, पुढे पुढे बोलणं कळणार नाही. हे सगळं मी प्रेमाने करते असं लोकांना वाटतं. प्रेमाने करतेच, पण वैतागूनही करते, आणि दोन्ही एकाच वेळी होतं.

आता तो बुटका माणूस. आम्ही कळव्याच्या चाळीत असताना आमच्या मामाने, तो जहाजावर होता, एक कॉम्प्युटर आणलेला. वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. दुपारी टीव्हीवर काही नसायचं, म्हणून तेव्हा तो आमचा. खेळ कॅसेटमध्ये असायचा, गाण्याच्या असते तसल्याच कॅसेटमध्ये. टेपरेकॉर्डर लावला की पाच मिनिटं अशी किंचाळी सुटायची की शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. मग पडद्यावर एक माणूस यायचा. त्याला चोवीस खोल्यांमधले दिवे लावत शेवटच्या दारापर्यंत जायचं असायचं. आम्ही त्याला बत्तीवाला म्हणायचो.

खेळायचा अर्थात दादा. मी बघायचे. फार रडले तर एखादा डाव मिळायचा. तो मी बाराव्या खोलीत घालवायचे, कारण तिथे जमिनीत मोठा खड्डा होता आणि माझा बत्तीवाला काही केल्या तो पार करायचा नाही. कडेला जाऊन उडी मारायची, पलीकडच्या काठाला डोकं आपटायचं, धप्प. किती आठवडे हे चाललं सांगता येत नाही. एकदा तर मी रबरी बटणावर मूठ आपटली. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दादाने मला एक वेगळी कॅसेट दिली, तिच्यावर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. म्हणाला, ही तुझी, आता माझ्या कॅसेटला हात लावायचा नाही. मला इतका अपमान वाटलेला! जसं काही मी त्याची कॅसेट खराबच करणार होते.

पण त्याच कॅसेटवर, त्याच आठवड्यात, मी खड्डा पार केला. नऊ वर्षांची होते. बत्तीवाला पलीकडे उतरला आणि मी तशीच उठून चाळभर ओरडत सुटले, मी बारावी खोली पार केली, मी बारावी खोली पार केली. कुणाला काही कळलं नाही, पण आईने शिरा केला. दादाला सांगितलं तर त्याने वहीतून मान वर न करता म्हटलं, जमलं एकदाचं. एवढंच. त्याचाही मला राग आलेला.

हसू नका, पण ती उडी मला आयुष्यभर पुरली. केमिस्ट्रीचा पेपर असो, लॅबमध्ये दहा पुरुषांत एकटीने रुजू होणं असो, घटस्फोटाच्या कागदावर सही असो, मनात कुठेतरी असायचंच की बारावी खोली आपण कुणाच्या मदतीशिवाय पार केलेली आहे. दुसरं कुठलं बक्षीस मला मिळालेलं नाही.

गेल्या वर्षी दादाला मोबाइलवर कुठूनतरी सापडलं की हा खेळ जगात अजून लोक खेळतात. नुसते खेळत नाहीत, कमीत कमी वेळात कसा संपेल याची यादी ठेवतात. त्यात एक प्रकार असा की हात चालवायची गरजच नाही. तो जुना कॉम्प्युटर लॅपटॉपच्या आत एका प्रोग्रॅमने चालवायचा. खेळ थांबवून ठेवायचा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने पुढे सरकवायचा. प्रत्येक पावलाला ठरवायचं, आता कुठलं बटण दाबलेलं असेल. चुकलं तर मागे जायचं, हवं तितक्या वेळा. शेवटी बटणांची एक लांबलचक यादी तयार होते, ती प्रोग्रॅमला दिली की बत्तीवाला वाऱ्यासारखा धावत सुटतो. मी म्हटलं, ही तर चक्क चीटिंग झाली. दादा म्हणाला, नाही, सांगून केलेली चीटिंग नसते. त्यांचा नियम एकच. मागे कितीही वेळा जा, पण मूळ खेळाला हात लावायचा नाही.

आणि दादाकडे एक वाट होती. एकोणिसाव्या खोलीत सगळे शिडीने वर जातात. हा चौदा वर्षांचा असताना याने शोधलेलं की झुंबराच्या टोकावरून सरकत्या फळीवर पडलं तर शिडी लागतच नाही. यादीतल्या सगळ्यांचे खेळ त्याने बघितले. ही वाट कुणालाही माहीत नव्हती. मला म्हणाला, "माझं बोलणं कळतंय तोवर एकदा त्या यादीत नाव लागू दे. मग काय हलायचं ते हलू दे." आजपर्यंत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. गोळीसुद्धा मागत नाही, मीच घड्याळ बघते. नाही कसं म्हणणार?

इथे मी पहिली लबाडी केली. दादाचा हट्ट की खेळ आपल्याच कॅसेटवरून घ्यायचा, इंटरनेटवरचा नको. त्याला काय माहीत, कळव्याची खोली रिकामी करताना मी त्याच्या कॅसेटचा खोका भंगारवाल्याला देऊन टाकलेला. त्या दिवशी माझं डोकं इतकं उठलेलं की मी खोका उघडूनही बघितला नाही. वाचली होती फक्त लाल ठिपक्याची, माझी, कारण ती माझ्या बटणांच्या डब्यात होती. लॅबमधून स्पिरिट आणून मी जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, दादा आंघोळीला गेल्यावर कॅसेट लावली आणि वायरने तो आवाज लॅपटॉपमध्ये घेतला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, लागली? मी म्हटलं, लागली. कुठली, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काम तसं माझ्या हाताचंच होतं. लॅबमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग कधी बदलतो ते बघत मी पंचवीस वर्षं काढलीत. एक थेंब जास्त झाला की परत पहिल्यापासून. फरक एवढाच की इथे साहेब माझ्या शेजारी खुर्चीत बसलेला असायचा. तो पुटपुटायचा, मी बटण दाबायचे. उजवं. उजवं. उजवं आणि उडी. नाही, एक मागे. त्याची मान हलत असायची, त्यामुळे हो म्हणतोय का नाही तेही कधी कधी कळायचं नाही. एक खोली व्हायला आठवडा लागायचा. प्रत्येक खोलीचा नकाशा तो आधी तोंडी सांगायचा आणि मी ग्राफ पेपरवर काढायचे. चाळीस वर्षांनंतरही त्याला एकेक चौकोन पाठ होता.

बाराव्या खोलीच्या वेळी तो म्हणाला, जमीन सहा घरं, मग खड्डा पाच घरांचा. मी पडद्यावर मोजलं. म्हटलं, चार आहेत रे. त्याने खुर्ची पुढे ओढायला लावली. बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, हो, चारच. विसरलो असेन.

मी चार काढले आणि पुढे गेले. मला काय वाटणार? वय झालं, औषधं चालू आहेत, माणूस विसरतो.

पण त्या दिवसापासून त्याचा जीव त्यात राहिला नाही. सहा वाजले की आधी खुर्चीत येऊन बसायचा, त्याला आता मीच बोलवायचे. मी विचारलं की म्हणायचा, कर तुला हवं तसं. एकदा म्हणाला, कंटाळा आला असेल तुला, इथेच थांबूया का? दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी भडकले. माझी मान धरलेली, मनगटाला पट्टा बांधलेला, आणि याला आता मूड नाही! मी त्याला म्हटलं, आयुष्यात एक काम तरी पुरं कर. लागेल असं बोलले. दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप सहा वाजता येऊन बसायला लागला, आणि आम्ही उरलेल्या बारा खोल्या पुऱ्या केल्या. एकोणिसाव्या खोलीत बत्तीवाला झुंबरावरून बरोब्बर फळीवर पडला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. दादा नुसता हसला.

फाइल पाठवली. यादी सांभाळणारा कुणी परदेशातला माणूस, त्याचं पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य लिहिलेलं. तुमची फाइल आमच्याकडच्या खेळावर अकराव्या खोलीपर्यंत बरोबर चालते. बाराव्या खोलीत तो खड्ड्यात पडतो. मी व्हिडिओ बघितला. बत्तीवाला पडला, पुन्हा उभा राहिला, आणि आम्ही पुढच्या खोल्यांसाठी दिलेली बटणं त्या बंद जागेत तशीच चालू राहिली. भिंतीला धडका देत, नसलेल्या शिड्या चढत, नसलेल्या फळ्यांवर उड्या मारत तो तिथल्या तिथे मेहनत करत होता. खाली त्या माणसाने लिहिलेलं, तुमच्या प्रतीत बाराव्या खोलीत जमिनीचा एक चौकोन जास्तीचा घातलेला आहे, तुम्हाला हे माहीत होतं का? बदललेल्या खेळावरचा वेळ यादीत घेता येत नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं, आता संध्याकाळी आडवं होता येईल. मग लाज वाटली, आणि मग राग आला त्या काळी कॅसेट भरून विकणाऱ्यांचा. दादाजवळ जाऊन मी म्हटलं, कुणीतरी आपल्याला तेव्हा भेसळीचा माल दिलाय बघ, मेल्यांनी खेळसुद्धा सोडला नाही.

दादाने मान हलवली. या वेळी ती नाही म्हणून हलली, हे मला कळलं.

"कुणी नाही दिला," तो म्हणाला. "मी केलेलं ते. तू फार रडायचीस."

मी खाली बसले. मग त्याने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. ठाण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा, तिथे शिकलेला की खेळ सुरू व्हायच्या आधी आतला एखादा आकडा बदलता येतो. कुठला आकडा म्हणजे कुठली वीट, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्या दुपारी एकेक आकडा बदलून बघत बसलेला. कधी छत गायब, कधी दिवा हवेत. शेवटी खड्ड्याच्या काठाला एक वीट वाढली. तसा बदललेला खेळ त्याने दुसऱ्या कॅसेटवर घेतला आणि माझ्या हातात दिला. आपल्या कॅसेटला हात लावायचा नाही, हे त्याने का बजावलेलं, ते मला आत्ता कळलं. तिच्यावर मी परत पडले असते.

आणि मला पाच घरं आठवली. म्हणजे त्याला चार महिन्यांपूर्वीच कळलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने मी मान मोडून बसले, त्याला नाही नाही ते बोलले, आणि हा माणूस सगळं माहीत असून उजवं, उजवं, उडी म्हणत बसलेला. त्याचं स्वतःचं नाव लागायचं होतं ना? आवाज त्याचाच चाललाय ना? मी म्हटलं, सांगायचं ना मग, तेव्हाच सांगितलं असतंस तर आपण मूळ खेळ घेऊन परत सुरू केलं असतं.

तो बोलला ते ऐकायला मला वाकावं लागलं.

"तू चाळभर सांगत सुटलेलीस," तो म्हणाला. "ते मी परत कसं मागू?"

मला रडू आलं. मी तशीच त्याला कॅसेटच्या खोक्याचं सांगितलं, भंगारवाल्याचं. म्हणाला, ते मला त्याच दिवशी कळलं, चार घरं बघितली तेव्हाच. म्हणजे मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून, एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना बसून. लहान होतो का आम्ही? त्या संध्याकाळी पिठलं लागलं खाली आणि दोघांनी तसंच खाल्लं.

मूळ खेळ इंटरनेटवरून घ्यायला दोन मिनिटं लागली. हे आधी केलं असतं तर, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तरी मी पंधरा दिवस त्याला हात लावला नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काय? पन्नाशीला, पगारदार बाईला, एका खड्ड्याची.

मग एका रविवारी सकाळी, कपडे वाळत घालून झाल्यावर, मी लॅपटॉप उघडला. अकरा खोल्या आमच्या जुन्या फाइलवर आपोआप सरकल्या. बाराव्या खोलीत मी खेळ थांबवला. पाच घरं. मी बोटाने दोनदा मोजली. दादा न बोलवता येऊन बसला.

मी काठापर्यंत नेऊन उडी मारली. पडला. मागे जाऊन एक पाऊल अलीकडून मारली, मग आणखी अलीकडून. पडला. वीस-बावीस वेळा तरी पाडला असेल. घामाने माझी बोटं चिकट झालेली. दादाने गुडघ्यावर हलणारा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि म्हणाला, अजून पुढे ने. मी म्हटलं, पुढे जमीनच नाही. म्हणाला, आहे, दिसत नाही, ने. मी एक पाऊल सरकवलं. बत्तीवाल्याचा अर्धा पाय हवेत. अजून एक, दादा म्हणाला. मी म्हटलं, पडेल रे. तो म्हणाला, अजून एक. आता फक्त टाच काठावर होती, बाकी सगळा माणूस खड्ड्यावर. दादा म्हणाला, आता.

मी उडी दाबली. मग एकेक पाऊल पुढे. प्रत्येक दाबण्याला तो हवेत एवढासा सरकत होता आणि माझा हात थांबायला बघत होता, कारण थांबलं की तो तसाच वर राहतो, पडत नाही. दादा म्हणाला, थांबू नकोस. मी दाबत राहिले. तो खाली यायला लागला. पलीकडच्या काठावर त्याच्या पायाचं टोक टेकलं, आणि तो उभा राहिला.

मी काहीच केलं नाही. ओरडावं असं मात्र वाटलं. दादाचे ओठ हलले. मी कान नेला.

"जा," तो म्हणाला, "सांगून ये."

कुठे जाऊन सांगणार? तिसऱ्या मजल्यावर सगळी दारं बंद. आई नाही, काकू नाहीत, चाळ पाडून झाली. मी तशीच वाकलेली होते, म्हणून त्याच्याच कानात सांगितलं, दादा, मी बारावी खोली पार केली.

"जमलं एकदाचं," तो म्हणाला. या वेळी त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मग त्याच्या गोळीची वेळ झाली, म्हणून मी फाइल सेव्ह केली आणि पाणी आणायला उठले. बारा खोल्या अजून बाकी आहेत, कारण बाराव्या खोलीतली वेळ बदलली की पुढच्या सरकत्या फळ्या जुन्या बटणांशी जुळत नाहीत. रोज सहा वाजता आम्ही बसतो, आणि रोज मला त्याच्या थोडं आणखी जवळ कान न्यावा लागतो.